पाठमोरी

२ मार्च, सोमवार. दिवस १०.

नवी वही, नवी नोकरी, नवी खोली. तिन्हींची सुरुवात एकाच दिवशी व्हावी म्हणून जुन्या वहीची सात पानं कोरी सोडली. आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, तुला नवरा नको, तुला कॅलेंडर हवं. चूक नाही तिचं.

इमारत दुमजली, पूर्वी दातांचा दवाखाना होता. पाण्याच्या नळांची टोकं अजून भिंतीतून डोकावतात. खाली स्वागताची जागा, डॉक्टरांची खोली, बिछान्याची खोली आणि तिला लागून माझी नोंदखोली. मध्ये मोठी काच आहे. माझ्या बाजूनं पलीकडचं सगळं दिसतं, पलीकडून नुसता आरसा. वरच्या मजल्यावर मला राहायला खोली, खिडकीखाली इस्त्रीवाला आणि किल्ल्या बनवणारा. दिवसभर कानशीचा आवाज येतो. मला आवडला.

काम असं: जुन्या नैराश्यावर एका सायकेडेलिक औषधाची चाचणी चालू आहे. भूछत्रातल्या द्रव्याची कॅप्सूल. दर मंगळवारी दहा वाजता एक जण येतो, कॅप्सूल घेतो, डोळ्यांवर पट्टी बांधून सहा तास पडून राहतो. शेजारी खुर्चीत सिस्टर. चार आठवड्यांनी त्याच व्यक्तीला दुसरी मात्रा. मी डोक्यावर तारांची टोपी बसवायची, मेंदूच्या लहरी बघायच्या आणि ती माणसं नंतर जे सांगतात ते शब्दशः उतरवायचं. नावं नाहीत, फक्त नंबर.

तेरा वर्षांची होते तेव्हापासून रोजनिशीत तारखेपुढे पाळीचा कितवा दिवस ते लिहिते. एकोणतीस दिवसांचं चक्र, एखाद्या दिवसाचाही फरक नाही. तारीख आधी लिहिते, हा आकडा नोंद संपल्यावर. जे मोजायचं ते शेवटी लिहायचं, असं आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

१० मार्च, मंगळवार. दिवस १८.

आठवडाभर जुन्या ध्वनिफिती उतरवते आहे. लोकांना काय काय दिसतं. एकाला स्वतःचे गुडघे हसताना दिसले. एकाला आजोबांनी सायकल शिकवली, तीही छतावर. सिस्टर पंधरा वर्षं अतिदक्षता विभागात होत्या. त्या म्हणतात, तिकडे माणसं जाताना बघायचे, इकडे जाऊन परत येताना बघते, बढतीच म्हणायची.

डॉक्टरांनी इथली रीत सांगितली. नव्या माणसानं पहिल्या तीन महिन्यांत एकदा त्या बिछान्यावर झोपायचं, कॅप्सूल घेऊन. कागदावर ऐच्छिक आहे. पण जो तिथे झोपला नाही त्यानं तिथल्या माणसांबद्दल लिहू नये, असं त्यांचं मत. माझी तारीख पुढे ठरेल. मला हरकत नाही. यंत्र वापरायचं तर ते स्वतःवर लावून बघावं.

झाडलोट करणाऱ्या मावशींची एक तक्रार आहे. बिछान्याच्या खोलीत दोन खुर्च्या. एक सिस्टरांची, दुसरी खिडकीपाशी, रिकामीच असते. मावशी ती रोज खिडकीकडे तोंड करून ठेवतात. दर पंधरवड्यानं कधीतरी ती वाकडी झालेली सापडते. म्हणाल्या, ताई, तुमच्यात चुळबुळ्या कोण आहे ते सांगा, फरशीवर ओरखडे पडतात आणि बोलणी मला बसतात.

१७ मार्च, मंगळवार. दिवस २५.

आज नऊ नंबर होती. बसवर कंडक्टर आहे. टोपी घालताना म्हणाली, आत काय ते खुशाल बघा, पण सुटे नाहीत माझ्याकडे. असा विनोद करणारी बाई दोन वर्षं सकाळी उठू शकत नाही, यावर विश्वास बसत नाही.

दुपारी शुद्धीवर आली आणि तिनं विचारलं, खिडकीपाशी बसलेली बाई कोण. आमच्याकडे अर्धवट पाठ करून बसली होती. गाल आणि नाकाचा शेंडा दिसत होता. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत काहीतरी मोजत होती.

मी पेन खाली ठेवलं. दोन नंबरच्या जानेवारीतल्या फितीत खुर्चीतली पाठमोरी बाई आहे. फेब्रुवारीत तिच्याच दुसऱ्या फितीत पुन्हा, 'आज कान दिसला.' चार नंबरनंही तिला पाठमोरीच म्हटलंय. या बायका एकमेकींना भेटलेल्या नाहीत.

सिस्टर म्हणाल्या, कुणाला आजोबा दिसतात, कुणाला समुद्र. तिघीचौघींना एक बाई दिसली तर बिघडलं कुठे.

निघताना नऊ नंबर सहज म्हणून गेली की पाळी तोंडावर आली की तिला एरवीही भलतीसलती स्वप्नं पडतात. तक्त्यात वय आहे, वजन आहे, चहा किती पितात तेसुद्धा आहे. पाळीचा रकाना नाही.

२४ मार्च, मंगळवार. दिवस ३.

नियमाबाहेर जाऊन आठ बायकांना फोन केले. विचारलं एकच, त्या मंगळवारी तुमचा कितवा दिवस होता. सात जणींनी लगेच सांगितलं, एकीनं कॅलेंडर बघून. कुणालाही नवल वाटलं नाही. एक म्हणाली, मला वाटलंच होतं कोणीतरी विचारेल.

पाठमोरी दिसली ती फक्त बाविसाव्या दिवसापासून पाळी येईपर्यंतच्या काळात. पहिल्या पंधरवड्यातल्या बायकांना समुद्र, रंग, आजोबा. पुरुषांना कधीच नाही. ज्यांना दिसली त्या आपणहून म्हणाल्या, ती घरीही डोळ्यांच्या कडेला जाणवत राहिली, पाळी आली त्या दिवशी नाहीशी झाली.

हे अगदीच अशक्य नाही. औषध मेंदूतल्या ज्या जागांना जाऊन बिलगतं, त्या जागांवर बायकांच्या संप्रेरकांचाही हात असतो आणि ती महिनाभर चढतात-उतरतात. म्हणजे मंगळवार तोच, कॅप्सूल तीच, पण बाई तीच नाही. शिवाय दुसरी मात्रा बरोबर अठ्ठावीस दिवसांनी, कारण सिस्टरांच्या कामाच्या पाळ्यांचा तक्ता चार आठवड्यांचा. जिला पहिल्यांदा वाईट दिवस मिळाला तिला दुसऱ्यांदाही तोच मिळतो.

डॉक्टरांना सांगितलं. मेंदूवर तासभर बोलू शकणाऱ्या या माणसाच्या तोंडून पाळी हा शब्द निघत नाही. ते 'ते' म्हणतात. ते दर महिन्याचंच आहे, म्हणाले, आणि आता रकाना वाढवायचा तर परवानगीचा अख्खा अर्ज पुन्हा, सहा महिने गेले. तोवर या लोकांनी काय करायचं? प्रश्न खोटा नव्हता. 

३१ मार्च, मंगळवार. दिवस १०.

आज बारा नंबर. शाळेत गणित शिकवतात, म्हणून मी मनात त्यांना गणिताच्या बाई म्हणते. मुलगी गेली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्या वर्गात गेलेल्या नाहीत. शाळेच्या कचेरीत बसून हजेऱ्या तपासतात. मी टोपीच्या तारा लावत होते तेव्हा त्यांनी माझा कोन दुरुस्त केला. बरोबर होता त्यांचा.

त्यांनाही विचारलं. सात मार्चला आली होती. म्हणजे आज पंचविसावा. अठ्ठावीस दिवसांचं चक्र, माझ्यावर घड्याळ लावावं, असं म्हणाल्या. मला त्या फार जवळच्या वाटल्या. हे मी कुणाला सांगणार नाही.

त्यांनाही ती दिसली. एक डोळा दिसला, पण नजर खाली, स्वतःच्या बोटांवर. ती मोजताना चुकत होती, बाई म्हणाल्या, मला सांगावंसं वाटलं.

त्या गेल्यावर मी रिकाम्या खुर्चीच्या पायांचे ओरखडे कोनमापकानं मोजले. खिडकीपासून एकशे एकोणतीस अंश.

५ एप्रिल, रविवार. दिवस १५.

सुटी. आलेख काढला. आडव्या अक्षावर तारीख, उभ्यावर ती किती वळली आहे ते. वीस जानेवारी, नुसती पाठ, शून्य. सतरा फेब्रुवारी, कान, सुमारे एक्कावन्न. सतरा मार्च, गाल आणि नाक, एकशे तीन. एकतीस मार्च, एक डोळा, एकशे एकोणतीस.

सरळ रेषा आली. पंधरवड्याला जवळजवळ सव्वीस अंश. प्रत्येक बाईपुरती ती पहिल्यापासून सुरू होत नाही. एकीसमोर जिथवर वळली, दुसरीसमोर तिथून पुढे वळते. एकाच व्यक्तीकडे बघितल्यासारखं.

रेषा पुढे वाढवली. तोंड पूर्ण समोर येईल अठ्ठावीस एप्रिलला. त्या मंगळवारी बिछान्यावर गणिताच्या बाई आहेत, दुसऱ्या मात्रेसाठी. सात मार्चमध्ये अठ्ठावीस मिळवा, चार एप्रिल. अठ्ठावीस एप्रिल म्हणजे पुन्हा पंचविसावा दिवस.

घाबरण्यासारखं काही नाही. आलेख आहे हा. चांगली रेषा आली की मला एरवी बरं वाटतं.

१६ एप्रिल, गुरुवार. दिवस २६.

परवा नऊ नंबरची दुसरी मात्रा झाली. तिला दोन्ही डोळे दिसले, एक केसांआड. रेषेच्या हिशोबानं एकशे चोपन्न. जाताना ती सुट्या पैशांबद्दल काही बोलली नाही.

आज तिच्या भावाचा फोन. मंगळवारपासून ती भिंतीकडे तोंड करून बसली आहे, सगळ्यांकडे पाठ. खात नाही असं नाही, हातात दिलं तर खाते. अंगठा पेरांवरून फिरत असतो. भाऊ म्हणाला, हिच्या बडबडीला कंटाळून मी घर बदलायला निघालो होतो, आता ती एक शिवी घालेल तर पेढे वाटीन.

डॉक्टरांनी त्याला औषधानंतरच्या चढउताराबद्दल समजावलं. आवाज बदललेला होता त्यांचाही.

२१ एप्रिल, मंगळवार. दिवस २.

आज अकरा नंबर. चोविसावा दिवस, आधी विचारून ठेवला होता. तिला काहीच दिसलं नाही. हिरवं पाणी आणि एक बदक.

नियमात बसत नाही. आलेखाच्या कडेला वेगळा ठिपका दिला आणि पुढे गेले.

२५ एप्रिल, शनिवार. दिवस ६.

नऊ नंबरला सकाळी पाळी आली. ती उठली, चहा मागितला आणि साखर कमी म्हणून भावाला बोलली. तो फोनवर रडत होता. अकरा दिवस भिंतीकडे तोंड करून बसली होती, त्यातलं तिला काही आठवत नाही.

म्हणजे अर्धा चेहरा दिसला तर ही किंमत. पूर्ण दिसला तर किती, ते कुणाला माहीत नाही.

गणिताच्या बाई काल येऊन गेल्या. पहिल्या मात्रेनंतर त्याच सकाळी प्रथमच वर्गात गेल्या आणि फळ्यावर तारीख लिहून बाहेर आल्या. एवढंच. पण सांगताना त्यांच्या बोटांना खडू होता, तो त्यांनी पुसला नव्हता.

त्यांना मंगळवारी झोपू द्यायचं नाही हे ठरलं. जागा रिकामी ठेवली तर राखीव यादीतली पाच नंबर येईल आणि तिचा तेव्हा सत्ताविसावा. म्हणून मी माझं नाव पुढे केलं. माझा त्या दिवशी नववा, सगळ्यात सुरक्षित. बाईंना उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत, असं डॉक्टरांना सांगितलं. ते खोटंही नव्हतं. मी आपणहून विचारलं याचाच त्यांना आनंद. ते मे महिनाभर बाहेर आहेत, बिछाना बंद. बाईंना दोन जूनचा मंगळवार दिला. गणित करून बघितलं, दोन मे, तीस मे, म्हणजे दोन जूनला चौथा दिवस. उत्तम.

२८ एप्रिल, मंगळवार. दिवस ९.

झालं. संध्याकाळचे सात, हात थोडा जड आहे.

पट्टीआड आधी नुसते कोन दिसले, मग आईचा तरुणपणीचा आवाज, मग बराच वेळ किल्ल्या घासण्याचा नाद, पण चंदेरी. मी मध्येच मुद्दाम खिडकीपाशी लक्ष नेलं. खुर्ची होती. तोंड माझ्याकडे, नेमकं. रिकामी.

सिस्टर म्हणतात मी सहा तासांत एकच वाक्य बोलले, 'बसा ना.' मला आठवत नाही. कुणाला म्हणाले असेन.

खुर्चीचे ओरखडे मोजले. एकशे ऐंशी. जी वेळ टाळायची होती ती टळली.

११ मे, सोमवार. दिवस २२.

इमारतीत मी आणि मावशी, दोघीच. सिस्टर सुटीवर. फिती उतरवण्याचं काम संपत आलं.

गणिताच्या बाईंचं पत्र आलं, रेघ मारलेल्या कागदावर. सुट्या लागायच्या आधी त्यांनी पूर्ण तास घेतला. त्रिकोण. मुलं इतकी शांत बसली की त्यांनाच ओरडावंसं वाटलं. दोन जूनची वाट बघते आहे, असं शेवटी.

दुपारी नोंदखोलीत काहीतरी डोळ्यांच्या कडेला. काचेपलीकडे बघितलं. काही नाही. मावशींनी खुर्ची खिडकीकडे वळवून ठेवली होती, ती काचेकडे वळली आहे.

१५ मे, शुक्रवार. दिवस २६.

ती काचेपलीकडे बसली आहे.

मी कॅप्सूल घेऊन सतरा दिवस झाले. औषध एका दिवसात शरीरातून जातं. म्हणून नीट लिहिते. वय पस्तीस ते चाळीस. चेहरा साधा, ओळखीचा नाही. कुरूप नाही, जखमी नाही. पलीकडून नुसता आरसा आहे, तिला मी दिसायला नको. ती माझ्या डोळ्यांत बघत नाही. पोटाकडे बघते. अंगठा पेरांवर. ओठ हलतात. मी मोजलं. सव्वीसला थांबते.

मावशींना बोलावलं. त्या आत गेल्या, तिच्या पायांशी फरशी पुसली, पाय उचला असं कुणाला म्हणाल्या नाहीत. खोलीत गारठा आहे, म्हणाल्या, खिडकी लावा.

चारच दिवस. एकोणीसला पाळी येईल, ती जाईल.

१९ मे, मंगळवार. दिवस ३०.

आली नाही.

सोळा वर्षांत पहिल्यांदा तीस लिहिते आहे.

ती आता वरच्या खोलीत. टेबलापाशी. माझ्याकडे दुसरी खुर्ची नाही म्हणून उभी.

२४ मे, रविवार. दिवस ३५.

आईला सांगितलं, पाळी चुकली आहे. तिनं आधी टीव्हीचा आवाज बंद केला. मग हळू म्हणाली, जे काय असेल ते सांग, मी रागावणार नाही, मुलगा कोण आहे. मी हसले. आठवड्यात पहिल्यांदा. तपासणी केली आहे, तसं काही नाही, म्हटलं. तर म्हणाली, मग ये घरी. सगळं मोजत बसू नकोस.

ती आईचं बोलणं ऐकत होती. पस्तीस मोजून झाले होते तिचे.

आज कळलं चूक कुठे झाली. नऊ नंबरची पाळी अठरा एप्रिलला यायची होती, पंचवीसला आली. सात दिवस उशिरा. माझ्याच अक्षरात आहे ते. वाचलं आणि पुढे गेले. चक्र औषधावर परिणाम करतं, एवढंच मी मोजलं. औषध चक्रावर करतं का, हे विचारलंच नाही. घड्याळ समजले मी त्याला. भिंतीवरचं, कुणी हात न लावणारं.

आणि तो वेगळा ठिपका. अकरा नंबरला ती दिसली नाही, कारण तेव्हा ती नऊ नंबरपाशी होती. एका वेळी एकीपाशीच असते. पाळी आली की सुटते. मग पुढची.

२९ मे, शुक्रवार. दिवस ४०.

पेरं मोजत होते. मी. भात कालवता कालवता, दुसऱ्या हातानं. किती वेळ ते माहीत नाही, भात गार झाला होता.

तिचा अंगठा थांबलेला. माझाच चालू.

पाळी यावी म्हणून काय काय— गरम पाणी, जिने चढउतर. काही नाही.

भिंतीकडे तोंड करून बसलं की बरं वाटतं. बसायचं नाही.

१ जून, सोमवार. दिवस ४३.

डॉक्टर आले, सिस्टर आल्या. उद्याची तयारी.

सकाळी गणिताच्या बाईंचा फोन, वेळ विचारायला. मी विचारलं, तीस मेला पाळी आली ना. नाही, म्हणाल्या. एप्रिलमध्ये सात दिवस पुढे गेली तेव्हापासून तारीखच बदलली. मागची नऊ मेला.

नऊ मे. उद्या पंचविसावा.

आणि अकरा एप्रिलपासून मोजलं तर अठ्ठावीस एप्रिलला अठरावा. त्या दिवशी त्यांना ती दिसलीच नसती. मी उगाच— मीच त्यांना तिथून काढून इथे आणून ठेवलं.

येऊ नका म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. सगळं सांगितलं, कोन, तारखा. त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, पक्ष आहे, साध्य आहे, सिद्धता कुठे आहे? तुला बरं नाही, बाळ. मी उद्या आल्यावर बोलू. तीन वर्षांनी मी फळ्यापाशी उभी राहिले आहे. मला हे अर्धवट सोडायचं नाही.

डॉक्टर माझ्या अंगठ्याकडे बघत होते. सिस्टर टोपी लावतील, म्हणाले, तू आराम कर. बिछाना उद्या चालू राहील.

ठीक. शांतपणे विचार केला. ती माझ्यापाशी आहे तोवर बाईंना कुणी दिसणार नाही. औषध साडेदहाला चढतं, चारला उतरतं. उद्या संध्याकाळी चारपर्यंत मला पाळी येता कामा नये. एवढंच. त्रेचाळीस दिवस आली नाही. अजून एक.

पंधरा दिवस जे मागत होते त्याच्या उलट मागते आहे. ती ऐकते आहे.

२ जून, मंगळवार. दिवस १.

नऊ चाळीस. नोंदखोली. ती टेबलापलीकडे बसली आहे. कुलूप आतून लावलं आहे, किल्ली टेबलावर.

बाई आल्या. काचेपलीकडे बिछान्याच्या कडेला बसल्या आहेत. सिस्टर तारा लावताहेत, कोन चुकीचा. बाई दुरुस्त करताहेत. सुटीतही बोटांना खडू.

कंबरेत कळ आली मघाशी. बसून बसून असेल. ही माझी नेहमीची जागा नाही दुखण्याची— आहे. नेहमीचीच आहे.

वरचा आकडा मी अजून घातलेला नाही. नोंद संपल्यावर घालते. तो घातलेला आहे. अक्षर माझ्यासारखं.

दुसरी कळ. ओल.

ती उठली. टेबल ओलांडून गेली. मला तिचा चेहरा दिसत नाही, अठरा दिवसांत पहिल्यांदा. केस, मान, पाठ. दार बंद आहे. ती काचेकडे चालली आहे.

खोलीत ऊन आहे. किल्लीवाल्याची कानस ऐकू येते. ती एवढे दिवस ऐकू येत नव्हती, हे आत्ता कळतं आहे. अंगठा थांबला आहे. किती हलकं वाटतं. दोन मिनिटं कुणीही पोटाकडे न बघता—

कॅप्सूल हातात घेतली त्यांनी. काचेवर हात मारला तरी ऐकतील. सहा पावलं. किल्ली इथे आहे.

पलीकडे खुर्ची वळते आहे.

उठते. आता उठते. अर्धवट सोडायचं नाही, फक्त एवढं वाक्य पूर्ण करून मी